जुन्या नाशकातला तीन खणी वाडा : खाली दुकान, वर यात्रेकरूंच्या खोल्या. काय ठेवावं, काय काढावं?

बोळातलं_घर

नमस्कार. जुन्या गावठाणातल्या वाड्याबद्दल सल्ला हवा आहे. दर्शनी रुंदी साडेसोळा फूट, खोली ७२ फूट. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांशी सामाईक भिंती. पुढे ओटा, ओट्यामागे दुकानाचा गाळा, त्याच्या कडेने आत जाणारी देवडी, मग चौक, चौकाच्या मागे माजघर नि स्वयंपाकघर, शेवटी परसू आणि संडास. वर पूर्ण माडी, रस्त्याकडे तीन खिडक्यांचा दिवाणखाना. पुढच्या पाख्यावर मंगलोरी कौलं, मागच्या पाख्यावर पत्रा. मागच्या एका खोलीत जुने भाडेकरू आहेत.

अडचणी अशा : चौकाभोवतीच्या आठ खांबांपैकी तीन बुडाशी ठोकले की पोकळ वाजतात. खालच्या भिंतींना चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा आहे आणि त्याच्या वर लोणा (ओलीबरोबर येणारा पांढरा खार) फुटतो. दिवाणखान्याची जमीन मधोमध बसली आहे, चालताना हादरते.

२०२६-२७ च्या सिंहस्थाआधी पुढचा गाळा भांड्यांच्या दुकानाला द्यायचा आणि माडीवर यात्रेकरूंसाठी तीन खोल्या करायच्या, प्रत्येकीला संडास-बाथरूम, असा विचार आहे. कंत्राटदार म्हणतो : माडीच्या कडीपाटावर (लाकडी कड्या आणि फळ्यांच्या जमिनीवर) चार इंची स्लॅब टाकू, चौकावर फायबरचं छत घालू, खालच्या भिंती वॉटरप्रूफ सिमेंटने नव्या करू, दुकानाच्या तोंडाचे दोन खांब काढून शटर बसवू. यातलं काय करावं?

खणमोजणी

यातली एकही गोष्ट आहे तशी करू नका. कारण समजलं की पर्याय आपोआप सुचतील.

तुमचं घर भिंतींवर उभं नाही, सागवानी सांगाड्यावर उभं आहे. साडेसोळा फूट म्हणजे साडेपाच फुटांचे तीन खण. प्रत्येक खणाच्या टोकाला खांब, खांबाखाली दगडी तळखडा, खांबाच्या डोक्यावर हस्त (आधाराचा लाकडी तुकडा), हस्तावर तुळई (मुख्य आडवं लाकूड), तुळईवर फूट-सव्वा फुटाच्या अंतराने कड्या, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या, पाटांवर मुरूम-मातीचा थर आणि सगळ्यात वर शहाबादी फरशी. सामाईक भिंतींतही खांब पुरलेले असतात, गिलाव्यामुळे दिसत नाहीत. दीड-दोन फूट जाडीची भिंत खाली काळ्या दगडाची, वर विटांची किंवा भेंड्यांची (मातीच्या ठोकळ्यांची). तिचं काम सांगाड्याला आडवं हलू न देणं आणि ऊन-पाऊस अडवणं. मधली भिंत पाडली तर तुळई लगेच पडत नाही, आणि इथेच लोक फसतात : भिंत गेल्यावर सांगाडा एका बाजूला कलायला मोकळा होतो, ते दोन-तीन पावसाळ्यांनी दाराच्या चौकटी तिरक्या झाल्या की कळतं.

आता स्लॅबचा हिशोब. पाच इंच मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला साधारण २१५ किलो, एक इंची शहाबादी ७० किलो. त्यावर चार इंची स्लॅब आणखी २५० किलो. म्हणजे माणूस पाय ठेवायच्या आधीच ५३५ किलो. राहत्या खोलीसाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात २०० किलोंच्या आसपास चालता भार (माणसं आणि सामान) धरतात. दहा बाय बाराच्या एका खोलीत नुसता स्लॅब पावणेतीन टनांचा होतो. कड्या बसल्या आहेतच, त्यांच्यावर हे वजन म्हणजे तुळईची टोकं भिंतीत चिरडायची. शिवाय ओल्या काँक्रीटचं पाणी पाटांत मुरतं, वरून झाकलं गेल्यामुळे ते वाळत नाही, आणि लाकूड कुजतंय हे खालून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

उलट दिशेने जा. फरशी काढा, मातीचा थर काढा. माती काढताना मधोमध एकदम खणू नका. दोन्ही कडांकडून सारखी काढत मध्याकडे या, आणि राडारोडा खोलीत ढीग न करता लगेच खाली उतरवा. मग पाट उघडे पडतील. प्रत्येक कडीचं भिंतीत गेलेलं टोक टोच्याने तपासा, कड्या बहुधा तिथेच कुजतात. बरं लाकूड टोच्याला दाद देत नाही, कुजकं अर्धा इंच सहज आत घेतं. टोक गेलेल्या कडीला शेजारून त्याच मापाची जोडकडी चार फूट लांब घालून १२ मिलिमीटरच्या बोल्टांनी आवळा. जुन्या वाड्यांचं सागवान बाजारात मिळतं, ते वापरा. मात्र करवतीआधी खिळे शोधून काढा. पाटांवर १९ मिलिमीटरचा पाणीरोधक प्लाय, वर दीड इंच चुन्याचं काँक्रीट, मग फरशी. सगळं मिळून दीडशे-पावणेदोनशे किलोंत बसतं, म्हणजे आजच्यापेक्षाही घर हलकं होतं. माती गेली की आवाज खाली जास्त जातो आणि आगीला अडवणारा थरही जातो. म्हणून पाटांच्या खालून कड्यांमध्ये जिप्समऐवजी सिमेंट-फायबरचा पत्रा बसवावा लागतो, विशेषतः खाली दुकान असेल तर. कड्या मात्र उघड्या दिसू द्या.

भांड्यांचं दुकान तळमजल्यावर उत्तम, वजन थेट जमिनीवर जातं. पण भाडेकरारात स्पष्ट लिहा की माडीवर माल ठेवायचा नाही. साठ्याच्या खोलीला मानक ५०० किलो धरतं, म्हणजे राहत्या खोलीच्या अडीचपट. तांब्या-पितळेची थप्पी त्याच्याही पुढे जाते. भांडी बाजाराच्या बाजूला माड्या मधोमध बसलेल्या दिसतात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

दुकानाचं तोंड पूर्वी सुट्या फळ्यांचं असायचं. खोबणीत एकेक फळी सरकवायची, त्यामुळे खांबांना हात लावावा लागत नसे. शटर आलं तसे खांब गेले. खांब ठेवा आणि तीन खणांना तीन छोटी शटरं किंवा घडीची दारं लावा. भाडं त्याने कमी होत नाही, पण वरचा दिवाणखाना वाचतो.

चुना_घाणी

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. भिंतींबद्दल थोडं सविस्तर.

लोणा सिमेंटच्या वरच्या कडेलाच का फुटतो ते आधी बघा. दगडी जोत्यात डांबराचा किंवा प्लास्टिकचा ओलरोधक थर नसतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते. पूर्वीचा मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ती ओल दोन्ही तोंडांनी हवेत सोडून द्यायचा, म्हणून ती फार वर चढत नसे. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल वाट शोधत वर सरकते आणि सिमेंट संपतं तिथे बाहेर पडते. सोबत आलेले क्षार तिथेच साठतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि विटेचं तोंड पिठासारखं झडतं. आता चार फुटांचा पट्टा सहा फुटांवर नेलात तर लोणा सहा फुटांवर जाईल, आणि वाटेत तुळईचं भिंतीतलं टोक गाठेल. भिंतीत पुरलेले खांबही याच ओलीने जातात.

तर सगळं सिमेंट काढा, लोण्याच्या रेषेच्या वर आणखी फूटभर. लहान छिन्नीने, हलक्या हाताने. ब्रेकर लावू नका, भेंड्यांची भिंत आतून सुटते. सांधे पाऊण इंच खोल उकरा. झडलेले क्षार रोज कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाका. पाण्याने धुतलेत तर ते परत आत जातात. मग थांबायचं. जाड भिंत महिन्याला साधारण एक इंच या गतीने वाळते. दोन्ही तोंडं उघडी असली तर दीड फुटी भिंतीला नऊ महिने धरा. सामाईक भिंतीचं तुमच्याकडचं एकच तोंड उघडं असेल, तिला दुप्पट. म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा, बाकीची कामं मधल्या काळात होतात. भाडेकरूंच्या बाजूची भिंतही याच वेळी उघडली पाहिजे, त्यांच्याशी आधी बोला.

गिलाव्यासाठी भिजवून ठेवलेला चुना घ्या, किमान दोन आठवडे पाण्याखाली मुरलेला. पोत्यातली कोरडी पावडर त्याच दिवशी कालवून लावली तर न फुललेले कण नंतर भिंतीत फुलतात आणि गिलाव्यावर फोड उठतात. पहिला हात एक भाग चुना, एक भाग विटांची भुकटी, दोन भाग धुतलेली भरड वाळू. जाडी १० ते १२ मिलिमीटर, त्याहून जास्त एका हातात नाही. पुढचा हात आठवड्याने, तो एकास तीन, चुना आणि बारीक वाळू. गूळ-हिरड्याचं पाणी घालणारे मिस्त्री अजून मिळतात. प्रमाण त्यांच्या हातचं असू द्या, पण गूळ जास्त झाला की बुरशी धरते हे लक्षात ठेवा. प्रत्येक हातानंतर सात ते दहा दिवस ओलं गोणपाट. चुना पाण्याने नाही, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो, त्यासाठी तो अर्धवट दमट राहावा लागतो. एप्रिलच्या उन्हात तो एका दुपारीत वाळून भुसभुशीत होतो. नाशकात दिवाळी ते डिसेंबरचा मध्य हा काळ सगळ्यात सोयीचा. पुढे थंडीच्या रात्रींत काम रेंगाळतं.

वर रंग चुन्याचाच. प्लास्टिक इमल्शन लावलं की सगळी मेहनत वाया, तोंड परत बंद. खांबांनाही ऑइल पेंट नको. तो खरवडून काढा, पूर्ण कोरड्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाचे दोन हात वाळवीसाठी, आणि ते वाळल्यावर उकळलेलं अळशीचं तेल. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात, आणि लाकडी घरात हे परवडणारं नाही. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

गोदाकाठ_पूररेषा

बोळ नदीपासून किती उंचीवर आहे ते लिहिलं नाहीत. महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा बघून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कोणत्या पट्ट्यात आहात त्यावर परवानगीही ठरते. २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरलं होतं. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराचा अंदाज सगळं गाव घेतं, पण तुमच्या उंबऱ्याची उंची लेव्हल मशीनने मोजलेली हवी.

पाणी येणारं घर असेल तर तळमजल्यावर : मीटर आणि मुख्य बोर्ड जुन्या पुराच्या खुणेच्या वर, वायरिंग छतावरून खाली उतरणारं, फर्निचरला प्लाय किंवा एमडीएफ नाही, सांडपाण्याच्या पाइपला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. पूर ओसरताच गाळ ओला असतानाच धुऊन काढा, वाळला की तो दगडासारखा बसतो. भिंती वाळवायला हीटर लावू नका, दारं-खिडक्या उघड्या टाका. तळघर किंवा बळद (धान्य साठवायची बंद जागा) असेल तर पंप लावून एका दिवसात रिकामं करायची घाई नको. बाहेरची जमीन भरलेली असताना आतलं पाणी काढलं तर बाहेरच्या दाबाने भिंत आत येते.

बोळातलं_घर

सगळ्यांचे आभार. उंबरा लाल रेषेच्या बराच बाहेर आहे, ते तपासलं. दोन प्रश्न उरले. माडीवर संडास-बाथरूम करायचंच असेल तर कसं? आणि महापालिकेची धोकादायक घराची नोटीस आली तर घर उतरवावंच लागतं का?

नकाशा_मंजुरी

संडास-बाथरूमचं आधी घेतो, कारण वाड्याचा वापर बदलताना सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. पंचवटीत तीर्थोपाध्यांच्या वाड्यांत यजमान पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले. पण ते माडीवर फक्त झोपत. अंघोळ रामकुंडावर किंवा चौकात, संडास परसात. माडीवर पाण्याचा थेंब जात नसे. आता प्रत्येक खोलीला बाथरूम म्हणजे कड्यांवर रोज पाणी.

तीन खोल्यांना तीन विखुरलेली बाथरूम करू नका. परसूच्या बाजूला एकच उभा पट्टा घ्या, तळापासून माडीपर्यंत एकावर एक. त्याला स्वतःचे चार लोखंडी किंवा आरसीसी खांब, स्वतःचा पाया, स्वतःचा स्लॅब. वाड्याच्या सांगाड्यापासून एक इंच मोकळी फट, फटीवर जस्ताच्या पत्र्याची झाकणपट्टी. म्हणजे गळालं तरी लाकडात जात नाही, आणि उद्या काढायचं ठरलं तर वाडा जागेवर राहतो. पाण्याची टाकी याच पट्ट्यावर. हजार लिटर म्हणजे एक टन, ते वाड्याच्या छपरावर कधीही नको. पाइप भिंतीत गाडू नका, उघडे ठेवा, गळती त्याच दिवशी दिसते. ११० मिलिमीटरच्या आडव्या पाइपला चाळीस फुटांत एक फूट उतार धरा. खोल्या तीन आणि बाथरूम दोनच बसत असतील तर दोनच करा.

चौकावर फायबर चालेल, पण चौकाच्या कडेला चिकटवून नाही. पाख्याच्या वर दीड-दोन फूट उचलून, चारी बाजू मोकळ्या ठेवून. तापलेली हवा चौकातूनच वर जाते आणि खालच्या खोल्यांना बोळाकडून गार हवा मिळते. चौक बंद केला की माजघरात दिवसा दिवा लागतो आणि ऑगस्टमध्ये भिंतींवर बुरशी. चौकाची मोरी आणि तिथून बोळापर्यंतची गटार मे महिन्यात उघडून साफ करा. ती तुंबली की आठही खांबांचे तळखडे पाण्यात उभे राहतात. तुमचे तीन खांब त्यानेच गेले असण्याची शक्यता मोठी आहे.

वीज : लाकडी पट्टीतलं जुनं वायरिंग पूर्ण काढा. शॉक लागताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, प्रत्येक खोलीला जास्त प्रवाह तोडणारा वेगळा एमसीबी, प्लगसाठी अडीच चौरस मिलिमीटर आणि गीझर-एसीसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सगळं पृष्ठभागावरच्या पाइपमधून. पैसे घेऊन पाहुणे ठेवणार असाल तर एकच अरुंद लाकडी जिना पुरेसा धरू नका. वरच्या बाथरूम पट्ट्याला लागून परसात उतरणारा दुसरा लोखंडी जिना करा. वाड्यातल्या जिन्याच्या डोक्यावर झडप (आडवं झाकणाचं दार) असेल तर ती उघडी अडकवून ठेवायची कडी लावा.

नोटिशीबद्दल. धोकादायक बांधकामाची नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते. ३० वर्षांवरच्या इमारतींना स्थैर्य तपासणीची अट कलम २६५ अ मध्ये आहे. तपासणीत चार वर्ग करतात : सी-१ म्हणजे तातडीने रिकामं करून उतरवणं, सी-२ए म्हणजे रिकामं करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामं न करता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. म्हणजे नोटीस आली की पाडणं हाच एक मार्ग नसतो. पण तपासणारा अभियंता लाकडी सांगाडा कळणारा हवा. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी काँक्रीटसाठी असतात. लाकडाला टोचणी, ओलमापक आणि बारीक ड्रिलची परीक्षा लागते. वीस टक्क्यांवर ओल असलेलं लाकूड कुजायच्या मार्गावर असतं. अहवालात प्रत्येक खांबाचा क्रमांक आणि फोटो मागा.

घर एकदा उतरवलं की नवीन बांधकाम आजच्या नियमावलीत बसवावं लागतं. रस्त्याची रेषा, पार्किंग, जिन्याची रुंदी हे सगळं साडेसोळा फुटांत बसवल्यावर दुकानाला किती उरतं ते वास्तुविशारदाकडून कागदावर काढून घ्या. मग निर्णय घ्या.

भाडेकरूंचं : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे दुरुस्ती ही घरमालकाची जबाबदारी आहे. तुम्ही ती केली नाही तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात, वर्षाच्या भाड्याच्या पावपट मर्यादेपर्यंत. काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या खोलीचं मोजमाप दोघांच्या सहीने लिहून ठेवा. मिळकत पत्रिकेवर सगळ्या वारसांची नावं लागली आहेत का तेही आत्ताच बघा. परवानगी तिथेच अडते.

खणमोजणी

खांबांचं राहिलं होतं. तीन खांब एकाच वेळी हातात घेऊ नका. एक पूर्ण झाला की दुसरा.

खांबाच्या दोन्ही बाजूंना फूटभर अंतरावर तुळईखाली स्क्रू जॅक लावा. खाली जाड फळी, कारण चौकाची फरशी एका बिंदूवर भार घेत नाही. माडीवर त्याच्याच वर खांब असेल तर तिथेही टेकू द्या आणि तो खालच्या टेकूच्या नेमका वर येऊ द्या. जॅक फक्त भार घेईपर्यंत फिरवा, खांबाच्या बुडाशी पोस्टकार्ड सरकेल इतकंच. बसलेली तुळई एका दिवसात जागेवर आणायचा मोह टाळा. वरचे सांधे उघडतात, कौलं सरकतात. उचलायचीच असेल तर दिवसाला एक-दोन मिलिमीटर.

मग कुजका भाग कापा, चांगलं लाकूड लागल्यावर आणखी सहा इंच वर. तुकडा जुन्या सागवानाचाच, तिरक्या सांध्याने. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या अडीच ते तीनपट, दोन किंवा तीन स्टेनलेस बोल्ट. कुज फक्त फूटभर असेल तर लाकूड जोडण्यापेक्षा तळखडाच उंच करणं चांगलं : काळ्या दगडाचा नवा तळखडा, फरशीच्या वर नऊ इंच, मध्ये स्टेनलेसची खुंटी. खांबाचं बूड सिमेंटमध्ये गाडू नका, तिथे पाणी धरून राहतं. काम झाल्यावर जॅक आठवडाभर राहू द्या, मग रोज थोडे सैल करत काढा.

कामाचा क्रम : मे संपायच्या आत छप्पर आणि पन्हळी. पत्रा आणि कौलं जिथे भेटतात तो सांधा आणि शेजाऱ्याच्या भिंतीलगतची पन्हळ आधी धरा. सामाईक भिंतीत पाणी तिथूनच उतरतं, आणि ती बंद केल्याशिवाय खाली कितीही चुना लावला तरी ओल जाणार नाही. त्याबरोबरच सिमेंट खरवडणं आणि मोरी. पावसाळ्यात आतले खांब आणि कड्या, त्या वेळी छप्पर शाबूत असलंच पाहिजे. बाथरूमच्या पट्ट्याचा पाया पावसानंतर, आणि तो खणताना सामाईक भिंतीलगत एका वेळी चार-पाच फुटांपेक्षा लांब चर उघडू नका. जुने पाये तीन-चार फूटच खोल असतात आणि गावठाणाची जमीन ठिकठिकाणी भरावाची आहे. एक टप्पा भरला की मधला सोडून पुढचा. शेजारी कधी त्यांचं घर उतरवून जेसीबी लावणार असतील तर हीच अट त्यांच्याकडून लेखी घ्या. त्याआधी तुमच्या भिंतीवरच्या प्रत्येक भेगेला काचेची पट्टी चिकटवून तारीख टाका. पट्टी तडकली तर त्याच दिवशी खोदाई थांबवा.